घरच्या घरी शंभर अंश

आमच्या कंपनीत माणसापेक्षा स्टिकरला मान जास्त. तूर आणि सोयाबीनवर चालणारा हा कारखाना अमरावतीच्या एमआयडीसीत आहे आणि त्याच्या एका कोपऱ्यात आमची छोटीशी प्रयोगशाळा आहे. तिथल्या प्रत्येक उपकरणाच्या कपाळावर हिरवा स्टिकर असतो. अमुक तारखेला कॅलिब्रेशन झालं, तमुक तारखेला पुन्हा करायचं, आणि खाली एक सही. ती कोणाची, हे नंतर सही करणाऱ्यालाही ओळखू येत नाही. मुदत संपलेल्याला लाल स्टिकर. ज्याचं काय करावं ते ठरत नाही त्याला पिवळा, त्यावर ‘फक्त माहितीसाठी’ असं छापलेलं. एका ऑडिटच्या आदल्या रात्री हेल्परनं घाईघाईत चहाच्या थर्मासलाही पिवळा चिकटवला. ऑडिटरनं तो वाचून समाधानानं मान हलवली.

स्टिकर नसलेली उपकरणं ऑडिटच्या दिवशी कपाटामागे जातात. आमच्या प्रयोगशाळेत ऑडिटच्या दिवशी जेवढी उपकरणं असतात, त्याहून बरीच जास्त एरवी असतात.

थर्मामीटर कॅलिब्रेशनला पाठवला की तो सुधारून परत येतो, असं आमच्या साहेबांना मनापासून वाटतं; होस्टेलला पाठवलेल्या पोराबद्दल पालकांना वाटतं तसंच. प्रत्यक्षात कॅलिब्रेशनवाला काहीही सुधारत नाही. तो तुमचं उपकरण आपल्या भरवशाच्या उपकरणाशेजारी ठेवतो, दोघांनाही एकच प्रश्न विचारतो, आणि तुमचं किती चुकतं ते कागदावर लिहून देतो. त्याच्याच शेजारी, ‘आणि हे सांगताना मी स्वतः एवढा चुकत असेन’ असा दुसरा आकडा लिहितो. त्या दुसऱ्या आकड्याला अनिश्चितता म्हणतात. आपण किती चुकत असू ते लेखी देऊन वर त्याचे पैसे घेणारा दुसरा धंदा मला तरी ठाऊक नाही. वकील, डॉक्टर, ज्योतिषी, हवामानखातं, कोणीही यात बसत नाही. हवामानखातं थोडं बसतं.

साहेबांना तो दुसरा आकडा आवडत नाही. पहिलाही नाही. सर्टिफिकेट आलं की ते लगेच शेवटचं पान उघडतात आणि ‘पास का फेल’ शोधतात. तिथं पास-फेल नसतं. थर्मामीटर ८० अंशांना ०.६ अंश जास्त दाखवतो, एवढंच असतं. आता हा ०.६ चालतो की नाही ते तुमचं तुम्ही ठरवायचं. ‘पैसे घेऊन ठरवायचं आम्हीच?’ हा साहेबांचा प्रश्न दरवर्षी तोच असतो आणि दरवर्षी तितकाच रास्त असतो.

वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला यातलं काही शिकवावं लागत नाही. कापूस महामंडळाच्या केंद्रावर ओलावा ८ टक्के असला तर पूर्ण हमीभाव, पुढे टक्क्यामागे कपात, आणि १२ च्या वर गेला की गाडी परत. त्यामुळे ओलावामापक हा आमच्या भागात प्रयोगशाळेतला नव्हे, कुटुंबातला विषय आहे. सोयाबीन घेऊन आमच्या गेटवर आलेले एक काका मला म्हणाले होते, ‘व्यापाऱ्याचं मीटर चौदा दाखवते, तुमचं तेरा दाखवते, न माह्या दाताखाली दाणा फोडला तं अकराच्या वर नाई भरत.’ मी म्हटलं, काका, दाताचं सर्टिफिकेट? ते म्हणाले, ‘चाळीस वर्षं झाली, हाच दात आहे. तुमचं मीटर किती वर्षाचं?’ मीटर दोन वर्षांचं होतं. संदर्भ म्हणून दात सरस ठरत होता, पण त्याच्यावर स्टिकर कुठं लावणार?

तर बिल. बाहेरच्या प्रयोगशाळेकडून कॅलिब्रेशन करून घ्यायचं म्हणजे प्रत्येक उपकरणामागे पैसे. साहेबांनी एका वर्षी सगळ्या पावत्यांची बेरीज केली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, ‘हे आपण घरच्या घरी का करत नाही?’

महाराष्ट्रात घरच्या घरी काय काय होऊन बसलंय ते मी इथं सांगत नाही. पण कॅलिब्रेशन घरी करायला मनाई नाही, हे खरं आहे. आयएसओच्या मानकांची मुभा आहे. अट एवढीच की तुमच्याकडे एक मास्टर उपकरण हवं, ते बाहेरच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून तपासून आणलेलं हवं, पद्धत लिहिलेली हवी, माणूस शिकलेला हवा, खोलीतलं तापमान आणि दमटपणा नोंदवलेला हवा, आणि तो दुसरा आकडा, अनिश्चितता, हिशेबानं काढलेला हवा. मास्टर हा तपासायच्या उपकरणापेक्षा चौपट अचूक असावा, असा एक जुना दंडक या धंद्यात आहे. साहेबांना हा दंडक फार पटला. त्यांनी तो मीटिंगमध्ये माणसांनाही लावून पाहिला, आणि खोलीत थोडी शांतता पसरली.

मास्टर थर्मामीटर आला. निळ्या मखमलीच्या डबीत. डबी कपाटात, किल्ली साहेबांकडे. आमच्या स्टोअरवाल्या भाऊंनी पावती फाडताना विचारलं, ‘हा मास्टर आहे न? मंग याले पुन्हा दुसरीकळे तपासाले कायले पाठवा लागते? मास्टरले कोण शिकवणार?’

भाऊंनी नकळत साऱ्या मापनशास्त्राच्या वर्मावर बोट ठेवलं होतं. आमचा मास्टर एखाद्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेच्या मास्टरशी ताडलेला, त्यांचा मास्टर आणखी वरच्याशी, तो नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतल्या मानकाशी. या साखळीला ट्रेसेबिलिटी म्हणतात. वजनाचं म्हणाल तर दिल्लीत प्लॅटिनम-इरिडियमचा एक छोटा दंडगोल आहे, ५७ क्रमांकाचा. तो पॅरिसजवळच्या सेव्हर् गावी तळघरात, काचेच्या घंटांखाली ठेवलेल्या मूळ किलोग्रॅमची प्रत. १८८९ पासून जगातला प्रत्येक किलो, खामगावच्या चांदीचा असो की आमच्या कारखान्यातल्या डाळीचा, शेवटी त्या एका दंडगोलाला उत्तर द्यायला बांधील होता. आणि तो कोणाला? कोणालाच नाही. किलोग्रॅमची व्याख्याच ‘तो’ अशी होती. शंभर वर्षांनी त्याला बाहेर काढून त्याच्या प्रतींशी ताडलं, तर सुमारे ५० मायक्रोग्रॅमची तफावत निघाली. आता प्रती जड झाल्या, की मूळ हलका झाला? शास्त्रज्ञांना मनातून काहीही वाटो, नियमानं मूळ दंडगोल चुकूच शकत नव्हता. चुकल्या असतील तर साऱ्या जगाच्या प्रती चुकल्या.

हे मी साहेबांना सांगितलं. त्यांना त्या दंडगोलाची भूमिका ताबडतोब कळली.

२० मे २०१९ ला दंडगोलाला निवृत्त केलं आणि किलोग्रॅम निसर्गातल्या एका स्थिरांकाला बांधला. बाजारात डाळीचा भाव त्या दिवशी हलला नाही.

आता खरी अडचण. लांबी मोजणारी उपकरणं, म्हणजे व्हर्नियर, मायक्रोमीटर, त्यांना तपासायच्या पोलादी स्लिप गेज, यांच्यासाठी जगानं एक तापमान ठरवून ठेवलंय : २० अंश सेल्सिअस. ठरवणारे युरोपातले. त्यांच्याकडे खोलीचं तापमान म्हणजे वीस. आमच्याकडे मे महिन्यात अकोला-अमरावतीला पारा ४५ च्या घरात जातो, आणि खोलीचं तापमान म्हणजे खोलीत बसवत नाही ते तापमान. पोलादाची एक मीटरची पट्टी एका अंशाला साडेअकरा मायक्रॉन वाढते. १०० मिलिमीटरची गेज ४० अंशांना २३ मायक्रॉन लांब होते, आणि आमच्या व्हर्नियरचं लहानात लहान माप २० मायक्रॉनचं. गेज आणि व्हर्नियर दोघंही सारखेच तापलेले असतील तर काही बिघडत नाही, दोघं सारखेच फुगतात आणि भांडण मिटतं. पण गेज एसीतल्या कपाटातून आलेली, व्हर्नियर बॉयलरजवळून आलेला. दोघांना एकत्र बसवून निवू द्यायचं, तर किमान काही तास थांबावं लागतं. थांबणं हे आमच्या कंपनीच्या धोरणात बसत नाही.

त्यात मेच्या दुसऱ्या आठवड्यात प्रयोगशाळेचा एसी गेला. दुरुस्तीवाला म्हणाला, गॅस भरावा लागेल. साहेब म्हणाले, आधी कोटेशन. तेव्हाच कधीतरी, घामानं भिजलेल्या रुमालाकडे बघता बघता, त्यांना ती कल्पना सुचली. वीस अंश निसर्गच फुकट देतो अशी जागा आपल्या जिल्ह्यात नाही का? विदर्भाचं एकमेव थंड हवेचं ठिकाण आपल्याकडे आहे. उपकरणं घ्या, मास्टर घ्या, चला चिखलदऱ्याला!

मी एवढंच म्हटलं की मेमध्ये चिखलदऱ्यालाही दुपारी घाम येतो. मग जुलै ठरला.

जुलैत चिखलदऱ्याचा पारा खरोखरच विशी-बाविशीत असतो. बाकी काहीही दिसत नाही. परतवाडा सोडलं, धामणगाव गढी मागे पडलं आणि घाटात धुकं जे गाडीच्या काचेला लागलं ते शेवटपर्यंत. मांडीवर मास्टरची डबी, मागच्या सीटवर इलेक्ट्रॉनिक तराजू, त्याला हेल्परनं स्वतःचा स्वेटर घातलेला. उतरलो त्या विश्रामगृहाच्या खिडक्यांतून धुकं सरळ आत येत होतं. दमटपणा मोजायचं यंत्र ९५ च्या वर जाऊन बसलं होतं. नोंदीचे कागद मऊ पडले, शाई पसरली, आणि स्लिप गेजना गंज धरेल म्हणून मी त्या डबीतून काढल्याच नाहीत. वीस अंश मिळाले होते. त्यांच्यासोबत काय काय आलं ते मानकात लिहिलेलं नव्हतं. साहेब देवी पॉइंट, मोझरी पॉइंट, हरिकेन पॉइंट, सगळीकडे जाऊन आले. तिन्ही ठिकाणी सारखंच पांढरं दिसलं. पुनरावृत्तीक्षमता उत्तम.

काम थर्मामीटरपासून सुरू झालं. बर्फाच्या पाण्यात शून्य बघायचं, उकळत्या पाण्यात शंभर. शून्य सगळ्यांनी मुकाट्यानं दाखवलं. मग खानसाम्याकडून मोठं पातेलं आणलं, पाणी ठेवलं, ते खळखळायला लागलं, थर्मामीटर सोडले.

९६.

साहेबांनी चष्मा काढला. दुसरा थर्मामीटर, ९६ च्या जरा वर. तिसरा, ९५.८. ‘लाल स्टिकर काढा,’ साहेब म्हणाले. हेल्परनं लाल स्टिकरचा गठ्ठा काढला. मग मी मखमलीतून मास्टर काढून त्यात धरला. ९६.२.

खोलीत कोणी बोललं नाही. साहेब सगळ्या थर्मामीटरांकडे आळीपाळीनं बघत होते. सगळ्यांनी मिळून एकच चूक करायची म्हणजे त्यात काहीतरी संगनमत असणार, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. कारखान्यात युनियन आली तेव्हाही ते असेच बघत होते.

‘साहेब,’ मी म्हटलं, ‘इथं पाणी शहाण्णवलाच उकळतं. उंचीमुळं हवेचा दाब कमी आहे.’

‘पाणी शंभरला उकळतं. शाळेच्या पुस्तकात आहे.’

‘ते समुद्रकिनाऱ्याचं पाणी.’

‘मग अमरावतीला कसं उकळतं शंभरला?’

अमरावतीलाही नाही उकळत. समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटर वर आहे अमरावती, तिथं ते ९९ च्या आसपास उकळतं. पण आमच्या नोंदवहीत एका अंशाची सवलत आहे, ९९ त्यात बसतं, म्हणून इतक्या वर्षांत कोणी पाण्याला विचारलं नाही. चिखलदरा १,११८ मीटरवर. इथं सवलत संपली.

साहेबांना हे पटायला मानक लागलं नाही, मी लागलो नाही, खानसामा लागला. तो पातेलं परत न्यायला आला होता, कारण जेवणाची वेळ झाली होती. आमचा खल त्यानं थोडा वेळ ऐकला आणि म्हणाला, ‘साहेब, खालून येणारे लोकं इथं भांड्यात डाळ टाकतात न दोन तास डाळीले शिव्या देतात. इथलं पाणी लवकर उसळते. उसळते, पण तेवढं गरम नाई राहात. कुकर लावल्याशिवाय इथं तूर शिजत नाई, हे आमच्या पोरालेही ठाऊक आहे. तुमची कंपनी कायची आहे?’

डाळीची, असं कोणी सांगितलं नाही.

एकोणिसाव्या शतकात डोंगरांची उंची मोजणारे साहेब लोक हेच करायचे. शिखरावर चढायचं, पाणी उकळायचं, त्यात थर्मामीटर धरायचा आणि तो शंभराच्या किती खाली थांबतो त्यावरून उंची काढायची. ढोबळमानानं तीनशे मीटरला एक अंश धरा. आमचा मास्टर ३.८ नं खाली थांबला होता. तीनशेनं गुणा आणि ‘ढोबळमानानं’ला त्याचा हक्काचा वाटा द्या, की चिखलदऱ्याच्या पाटीवरचा आकडा हाताशी येतो. म्हणजे ज्यांच्यासाठी लाल स्टिकर बाहेर निघाले होते, ते थर्मामीटर त्या खोलीत सर्वांत खरं बोलत होते. त्यांना विचारलं होतं तापमान, त्यांनी उंचीही सांगून टाकली. साहेबांना हवं होतं ते शंभर. ते त्यांच्यापाशी नव्हतं.

तराजूचं प्रकरण छोटं, पण त्यानं हेल्परच्या डोक्यात घर केलं. अमरावतीला लावून आणलेल्या इलेक्ट्रॉनिक तराजूवर आम्ही हजार ग्रॅमचं प्रमाणित वजन ठेवलं, तर ते ९९९.८ च्या आसपास आलं. साहेब म्हणाले, ‘घाटात सांडलं का?’ वजन पितळेचं होतं. खरी गोष्ट अशी की आपण पृथ्वीच्या मध्यापासून पाऊण किलोमीटर दूर आलो होतो आणि तिचा ओढा तेवढा सुटला होता. इलेक्ट्रॉनिक तराजू तो ओढा मोजतो, वस्तू नाही. म्हणून जागा बदलली की त्याला नव्यानं समज द्यावी लागते, बटण दाबून. जुन्या दोन पारड्यांच्या तराजूला हे काही लागत नाही. एका पारड्यातला खवा हलका झाला तर दुसऱ्या पारड्यातलं वजनही हलकं होतं.

हेल्परनं बराच विचार केला. ‘म्हणजे अमरावतीचा काटा इथं आणला, न त्याच्यावर किलोभर सोनं मोजून घेतलं, तं दोन गुंजा फुकट?’ दोन दशांश ग्रॅम म्हणजे दोन गुंजा नाही भरत, पण दिशा बरोबर होती. परतीच्या वाटेवर तो पेट्रोलचा खर्च काढत होता.

दुपारी धुकं थोडं फाटलं आणि समोर गाविलगड दिसला. तट, दरवाजे आणि मध्येच पुन्हा पांढरं. १५ डिसेंबर १८०३ ला आर्थर वेलस्लीनं हा किल्ला घेतला, हे गाइड सांगतात. आमच्या धंद्याच्या दृष्टीनं त्याच्याच पलटणीतला दुसरा एक माणूस महत्त्वाचा, आणि त्याचं नाव एकही गाइड घेत नाही. विल्यम लॅम्ब्टन. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणच्या लढाईत एका रात्री जनरल बेअर्डची तुकडी उलट्या बाजूला, थेट टिपूच्या सैन्याकडे चालली होती. लॅम्ब्टननं आकाशाकडे बघून सांगितलं की आपण उत्तरेला चाललोय. कोणाचा विश्वास बसेना. मग होकायंत्र काढून पाहिलं, तर तारे बरोबर निघाले. मास्टर वरचाच असावा लागतो, हे त्या रात्री सिद्ध झालं असं मी मानतो.

पुढे या लॅम्ब्टननं मद्रासपासून भारत मोजायला घेतला. त्याचा थिओडोलाइट अर्ध्या टनाचा होता. इंग्लंडहून येताना जहाजासकट फ्रेंचांनी पकडला, मॉरिशसला नेला आणि हे शास्त्राचं काम आहे असं कळल्यावर सन्मानानं परत पाठवला. १८०८ मध्ये तंजावरला तो देवळावर चढवताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आपटलं. पितळेची मोठी वर्तुळाकार पट्टी, जिच्यावर अंश-कला कोरलेल्या, ती वाकडी झाली. आता हे बघा. विलायतेला पाठवायचं तर येण्या-जाण्यात वर्षं जाणार. लॅम्ब्टन त्रिचनापल्लीला तंबूत शिरला, निवडक कारागिरांखेरीज कोणाला आत येऊ दिलं नाही. मोठ्या फळीवर हव्या त्या मापाचं अचूक वर्तुळ कापून घेतलं, आणि पाचरी, स्क्रू, कप्प्या लावून ती वाकडी पट्टी ओढत ओढत त्या वर्तुळात बसवली. आतले वाकलेले आरे लाकडी हातोड्यांनी ठोकून सरळ केले. सहा आठवडे. ते यंत्र पुन्हा कामाला लागलं.

लाकडी हातोडा! आमच्या कार्यपद्धतीच्या पुस्तकात ‘उपकरणास आघात होऊ देऊ नये’ असं पहिल्याच पानावर आहे. लॅम्ब्टनकडे सर्टिफिकेट नव्हतं, स्टिकर नव्हता, तीन कोटेशन नव्हती. पण ठोकल्यावर किती अंशांचा फरक पडला, हे तो तारे आणि त्रिकोण पुन्हा मोजून तपासू शकत होता. घरच्या घरी कॅलिब्रेशन म्हणतात ते हे. त्याची मोजणी वर सरकत सरकत वऱ्हाडात, एलिचपुराकडच्या टाकरखेड्यापर्यंत आली, म्हणजे आम्ही उभे होतो त्या डोंगराच्या पायथ्याशी. म्हातारपणी नागपूरच्या वाटेवर असताना २० जानेवारी १८२३ ला तो हिंगणघाटला वारला. त्याच वर्षी कॅप्टन रॉबिन्सन नावाच्या अधिकाऱ्याला चिखलदऱ्याचं पठार सापडलं, असं सांगतात. गवळी आणि कोरकू तिथं आधीपासून राहत होते. त्यांना ते सापडायचं राहिलं नव्हतं.

लॅम्ब्टनचं काम पुढे एव्हरेस्टनं चालवलं. त्याच्याकडे अर्काटचा सय्यद मीर मोहसीन हुसेन नावाचा कारागीर होता, विलायती यंत्रं खोलून, दुरुस्त करून, नवी करून देणारा. एव्हरेस्टनं त्याला सरकारी यंत्रकाराच्या जागेवर बसवायला लावलं. शिखराला नाव एव्हरेस्टचं लागलं. मोहसीन हुसेनचं नाव निदान एखाद्या स्लिप गेजला द्यायला हरकत नव्हती.

संध्याकाळी साहेबांनी आम्हाला पंचबोल पॉइंटला नेलं. तिथं ओरडलं की पाच वेळा आवाज परत येतो, अशी ख्याती. मला यात धंद्याची संधी दिसली. मोजायचं काम आलं की एकदा मोजून भागत नाही, पुन्हा पुन्हा मोजायचं, सरासरी काढायची, आणि आकडे किती इकडेतिकडे पळतात ते बघायचं. अनिश्चिततेचा अर्धा हिशेब त्यातच असतो. साहेब ओरडले, मी मोजले. एकदा चार, एकदा तीन, एकदा धुक्यातल्या दुसऱ्या पर्यटकांनी ‘ओ!’ दिली म्हणून सात. हेल्पर ओरडला, त्याला पाच आले. ‘ऑपरेटर बदलला की रीडिंग बदलतं,’ मी नोंदवलं. गाइड माझ्या वहीकडे बघत राहिला. ‘पाचच लिहा साहेब,’ तो म्हणाला. ‘बोर्डावर पाच आहे.’

ऑगस्टमध्ये ऑडिट झालं. ऑडिटर तरुण होते, पुण्याचे, बोलायला अतिशय मऊ. त्यांनी थर्मामीटरच्या नोंदी उघडल्या. मास्टर ९६.२, उपकरण ९६.०, फरक ०.२. पाणी कितीला उकळलं याला महत्त्वच नाही, दोघांना एकाच पाण्यात धरलं की झालं, हे त्यांना पटलेलं होतं. पण त्यांचं बोट वरच्या रकान्यात थांबलं. ‘ठिकाण : चिखलदरा.’

‘उकळण्याचा बिंदू ९६.२ घेतलाय. हवेचा दाब नोंदवलाय?’

बॅरोमीटरला लाल स्टिकर होता, म्हणून तो कपाटामागे होता. साहेब म्हणाले, ‘उंची नोंदवली आहे. १,११८ मीटर.’

‘उंचीचा आधार?’

‘पाटी आहे तिथं.’

‘पाटीची ट्रेसेबिलिटी?’ ऑडिटर मऊपणे म्हणाले.

साहेब क्षणभर थांबले. मग त्यांना माझं चिखलदऱ्याचं व्याख्यान आठवलं आणि त्यांचा चेहरा उजळला. ‘आम्ही स्वतः पडताळली आहे ना! घरच्या घरी. पाणी ९६.२ ला उकळतं, त्यावरून उंची बरोबर येते.’

‘आणि ९६.२ बरोबर आहे हे कशावरून?’

‘उंचीवरून.’

ऑडिटर पेन हातात घेऊन बराच वेळ बसले. खिडकीबाहेर कुठलातरी ट्रक काट्यावर चढत होता आणि ड्रायव्हर काटेवाल्याशी भांडत होता. मग ऑडिटरनी सुवाच्य अक्षरात लिहिलं : ‘उकळत्या पाण्याचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट उपलब्ध नाही. तीस दिवसांत पूर्तता करावी.’

साहेबांनी तो कागद त्याच दिवशी स्टोअरला पाठवला. भाऊ सध्या पुरवठादार शोधून राहिले आहेत. दोन कोटेशन आली आहेत, तिसरं लागतं.